सहा प्रश्नचिन्हांचं गाव: लॅटिन-१ यास खुलं पत्र

कात्रप, बदलापूर (पूर्व)

लॅटिन-१ यास,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहावा, अशी आमच्याकडची रीत आहे. तुला तो लिहून उपयोग नाही. तू संगणकाचा जुना अक्षरसंच, म्हणजे त्याला ओळखता येणाऱ्या अक्षरांची यादी, आणि त्या यादीत मराठी नाही. ‘नमस्कार’ हा शब्द तुझ्या हाती पडला की त्याची सात प्रश्नचिन्हं होतात. म्हणून थेट बोलते.

तू आमचं गाव खाल्लंस.

रागाच्या भरात म्हणत नाही, मोजून म्हणते. ‘कात्रप’ लिहायला संगणकाला सहा खुणा लागतात: क, काना, त, पाय मोडायची खूण, र आणि प. तू त्यांची सहा प्रश्नचिन्हं केलीस. कुळगाव, सहा. वांगणी, सहा. उल्हास नदी म्हणून आम्ही जिच्या काठाने वाढलो ती, सहा. आणि ज्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे ते आमचं जांभूळ, तेही सहा. बदलापूर तेवढं सातावर सुटलं. घर, नदी, फळ आणि पुढचं स्टेशन यांच्यात काडीचा फरक शिल्लक ठेवायचा नाही, हे काम एका रात्रीत आणि एकही शब्द न बोलता तू पार पाडलंस. पुरालाही इतकं जमलं नव्हतं.

कात्रपमध्ये आमचा छोटा वाचनकट्टा आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, ज्याने जे लिहिलं असेल ते वाचतो. २०११ पासून हे लेखन एका संकेतस्थळावर ठेवत आलो आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. तीनशेच्या वर लेख होते. २६ जुलै २००५ च्या पावसात कोण कुठे अडकलं, कुणाच्या माळ्यावर किती जण झोपले, याच्या आठवणी होत्या. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी मदतीला धावलेल्या आमच्या पोरांनी लिहिलेलं होतं. स्टेशनबाहेर ‘कात्रप, कात्रप’ अशी हाक देत शेअर रिक्षा भरणाऱ्या एका काकांनी वीस वर्षांत बदललेल्या रस्त्यावर लिहिलं होतं. यांतलं फारच थोडं कागदावर छापलं गेलं. बाकी सगळं त्या संकेतस्थळाच्या भरवशावर होतं, आणि वाटेत तू बसला आहेस हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मार्चअखेर जुन्या होस्टिंगची मुदत संपत होती, दर वाढले होते. ओळखीतला एक हुशार मुलगा म्हणाला, काकू, स्वस्त आणि वेगवान जागा आहे, मी हलवून देतो. बदलापूर हे नावच घोडे बदलण्यावरून पडलं, असं इथली जुनी माणसं सांगतात. लांबच्या वाटेवरचे स्वार इथे दमलेला घोडा सोडत, ताजा घेत. घोडा बदलताना खोगीर आणि थैली एका पाठीवरून उतरून दुसऱ्या पाठीवर चढायची. संकेतस्थळ हलवणं याहून फार वेगळं नाही. फायली उतरवायच्या, डेटाबेस उतरवायचा, दोन्ही नव्या सर्व्हरवर चढवायचे आणि नावाची पाटी नव्या पत्त्याकडे वळवायची. स्वाराला एकच पाहावं लागतं: थैलीत टाकलेली पत्रं मुक्कामी पोचल्यावर वाचता येतात ना?

इतर अडचणीही आल्या. नाव नव्या पत्त्याकडे वळवताना ईमेलची नोंद राहून गेली, त्यामुळे दोन दिवस कट्ट्याला आलेली पत्रं कुठेच पोचली नाहीत. नावापुढे टिंब असलेली एक लपलेली फाइल कॉपी करताना दिसलीच नाही, तेव्हा मुखपृष्ठ उघडे पण आतलं एकही पान उघडेना. काही छायाचित्रं हरवली, कारण नवा सर्व्हर लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत भेद करतो, जुना करत नव्हता. या सगळ्यांचं मला फार वाटत नाही. त्या चुका झाल्या तेव्हा ओरडल्या. पान सापडत नाही असं सर्व्हरने सांगितलं, आम्ही शोधलं, दुरुस्त केलं, एका संध्याकाळीत निस्तरलं. तू ओरडला नाहीस. माझी तक्रार तिथून सुरू होते.

काय झालं ते तुझ्या तोंडावर सांगते. जुन्या सर्व्हरवरचा डेटाबेस नव्या आवृत्तीचा होता, नव्या सर्व्हरवरचा मात्र जुन्या. डेटाबेसची फाइल चढवायला घेतली तेव्हा नव्या जागेने सांगितलं की यात लिहिलेली अक्षरांची क्रमवारी मला माहीत नाही. ही अडचण रोज कुठे ना कुठे कुणाला तरी येते. मुलाने फाइल उघडली आणि प्रत्येक तक्त्यापुढे लिहिलेलं अक्षरसंचाचं नाव शोधून बदललं. बदलून काय टाकायचं? नव्या जागेच्या पॅनेलवर आधीच निवडून ठेवलेलं नाव दिसत होतं. ते तुझं होतं. ज्याला काही निवडायचं नसतं, त्याच्यासाठी तू आधीच निवडलेला असतोस. मग फाइल सरळ चढली. एकेक मराठी अक्षर तुझ्या दारात आलं, तुझ्या यादीत त्याचं नाव नव्हतं, तू त्याच्या जागी प्रश्नचिन्ह मांडलंस आणि पुढच्याला आत घेतलंस. सर्व्हरवरची कडक तपासणी चालू असती तर पहिल्याच अक्षराला काम थांबलं असतं. ती बंद होती. हजारो सूचना नोंदल्या गेल्या असतील, त्या कुणाला दाखवल्या गेल्या नाहीत. पडद्यावर हिरवी खूण आली: काम यशस्वी.

आणि तरीही आम्हाला कळायला हवं होतं, नाही का? संकेतस्थळ उघडून पाहिलं की दिसलंच असतं. आम्ही उघडलं. मुलाने त्याच्या लॅपटॉपवर, मी माझ्या मोबाइलवर, त्याच रात्री. सगळं छान दिसत होतं. कारण आम्ही जुनंच संकेतस्थळ पाहत होतो. नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ पासून आहे. तिने दिलेलं उत्तर वाटेतले संगणक काही काळ लक्षात ठेवतात आणि तो काळ किती, हे टीटीएल नावाच्या आकड्यात लिहिलेलं असतं. आमचा आकडा ८६,४०० सेकंदांचा होता. म्हणजे पुरते चोवीस तास. हलवायच्या एक-दोन दिवस आधी तो ३०० सेकंदांवर आणायचा असतो. आम्ही आणला नव्हता. मुलाने पाहिलं, सगळं जागेवर आहे. डेटाबेसची फाइल सर्व्हरवर उघडी ठेवू नये, असं त्याला शिकवलेलं होतं आणि ते बरोबरच शिकवलेलं होतं. म्हणून त्याने ती पुसली. मध्यरात्री जुन्या खात्याची मुदत संपली, तिथला डेटा गेला. सकाळी वाटेतल्या संगणकांची आठवण विरली आणि आम्हाला पहिल्यांदा तू दिसलास. पडदाभर प्रश्नचिन्हं. मधे मधे स्वल्पविराम.

त्या मुलाला मी एक शब्द बोलले नाही. तो दोन दिवस जेवला नव्हता. चूक त्याची होती, माझीही होती. फाइलची एक प्रत मी माझ्या घरच्या संगणकावर उतरवून ठेवायला हवी होती. पण आम्ही दोघं चुकलो ते घाईने आणि अज्ञानाने. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुझी कुंडली मी त्यानंतर काढली.

तुझ्याकडे २५६ खाने आहेत. त्यांत पाव, अर्धा आणि पाऊण यांच्या खुणा आहेत. पौंड आहे, येन आहे. आइसलँडच्या भाषेला लागणारी खास अक्षरं आहेत. त्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे आणि त्यांना त्यांची अक्षरं मिळाली याचा मला आनंदच आहे. स्पॅनिश वाक्याच्या आरंभी लिहायचं उलटं प्रश्नचिन्हही तू सांभाळून ठेवलं आहेस. म्हणजे प्रश्नचिन्हं दोन प्रकारची आणि क एकही नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख माणसांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली.

तुझं घराणं मोठं आहे. आयएसओ ८८५९ या नावाखाली तुला १९८७ साली मान्यता मिळाली आणि तुझ्यामागून भावंडं आली: सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू. अकरावा थाई लिपीसाठी, तेरावा बाल्टिक भाषांसाठी, असे सोळापर्यंत आकडे आहेत. बारावा नाही. तो देवनागरीसाठी योजला होता आणि १९९७ साली ते काम अधिकृतपणे सोडून देण्यात आलं. पंगतीत पाट मांडला, पान वाढलं नाही, पाट तसाच राहिला. तुझ्या घरात आजही अकराच्या शेजारी तेरा बसतो.

तू म्हणशील, इतक्या अक्षरांची लिपी २५६ खान्यांत कशी मावणार? मावली असती. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या इस्की या मानकात एका बाइटमध्ये ती मावली होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ खान्यांची स्वतंत्र आळी मिळाली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची आखणी केली. जगातली कुठलीही लिपी एकाच पद्धतीने वाहून नेणारी ती रचना. म्हणजे १९९२ पर्यंत आमच्या अक्षरांना पत्ता मिळाला होता आणि वाहनही मिळालं होतं.

मायएसक्यूएल हा डेटाबेस त्यानंतर आला, १९९५ साली, स्वीडनमधल्या एका कंपनीतून. त्याच्या कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी आपल्या मुलीचं नाव, माय, त्याला दिलं. आपल्या माणसांच्या भाषेची सोय त्यांनी पाहिली, यात मला गैर वाटत नाही. म्हणून आधीच निवडलेला अक्षरसंच तू होतास आणि क्रमवारी स्वीडिश. पण पुढे तो डेटाबेस जगभर गेला, स्वस्त होस्टिंगच्या प्रत्येक खोलीत बसला आणि तू त्याच्याबरोबर गेलास. एप्रिल २०१८ मध्ये त्याची आठवी आवृत्ती आली, तेव्हा कुठे तुला त्या आसनावरून उठवलं. यूटीएफ-८ च्या आखणीनंतर जवळपास २६ वर्षांनी. जुन्या आवृत्त्यांवर तू त्यानंतरही बसून होतास, आमच्या नव्या जागेवरही होतास. या सगळ्या वर्षांत ज्या मराठी माणसाने त्या डेटाबेसमध्ये मराठीत काही लिहून साठवलं आणि कुठलंही बटण बदललं नाही, त्याचं लेखन स्वीडिश कोशाच्या क्रमाने लावलेल्या कपाटात गेलं.

तुझ्या दोन तऱ्हा आहेत. दुसरीही लिहिते, कारण तिच्यातून आम्ही काहीतरी परत मिळवलं.

वाचकांच्या पत्रांचा विभाग २०११ मधल्या जुन्या प्रोग्रामवर चालायचा. तिथे तू पहिल्या दिवसापासून होतास. पण तो प्रोग्राम अक्षरं तुला वाचायला देतच नव्हता; कच्चे बाइट ठेवायला द्यायचा आणि तसेच परत घ्यायचा. देवनागरीचं एक अक्षर म्हणजे तीन बाइट. क म्हणजे २२४, १६४, १४९. ते तू तीन वेगवेगळी अक्षरं समजून सांभाळत होतास आणि बाहेर कुणाला काही कळत नव्हतं. नव्या जागी प्रोग्रामने तुला ते वाचून दाखवायला सांगितलं आणि तुझ्या मायएसक्यूएलमधल्या अवताराने वाचलं: क म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग एक ठसठशीत ठिपका. दीर्घ वेलांटी म्हणजे तोच ए, पुढे येन, पुढे युरो. ते पान पाहून कट्ट्यातल्या एका काकांना वाटलं की कुणी परदेशातून हल्ला केला.

पण हे कचऱ्यासारखं दिसणारं पान मी पाहिलं तेव्हा मला रडू आलं ते सुटकेने. बाइट शाबूत होते. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर गेलं. येन आणि युरो म्हणजे अक्षर आत जिवंत आहे, फक्त चुकीच्या माणसाने वाचलं. अशा वेळी ‘यूटीएफ-८ मध्ये रूपांतर कर’ असं डेटाबेसला सरळ सांगितलं तर तो कचऱ्याचंच नीटनेटकं रूपांतर करून ठेवतो. आधी तो स्तंभ ‘हे निव्वळ बाइट आहेत, भाषा नाही’ असा जाहीर करायचा. मग त्याच बाइटांवर ‘हे यूटीएफ-८ आहे’ अशी पाटी लावायची. तुझं मत विचारायचंच नाही. हे त्या मुलाने शोधलं, तीन प्रतींवर करून पाहिलं आणि चौथ्या वेळी खऱ्या तक्त्यावर केलं. रात्री सव्वादोनला त्याचा फोन आला: काकू, ‘सप्रेम नमस्कार’ दिसतोय.

लेखांचं मात्र तसं झालं नाही. संकेतस्थळांची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये काही पानं सापडली, पुराच्या बऱ्याच आठवणी त्यात मिळाल्या. काहींनी आपल्या वह्या शोधून काढल्या. काहींच्या ईमेलमध्ये मसुदे होते. रिक्षावाल्या काकांनी सगळा लेख पुन्हा सांगितला, मी पुन्हा टाइप केला. ते म्हणाले, पहिला जास्त चांगला होता. मलाही तसंच वाटलं. आमच्याच गावात श्याम जोशी यांनी ग्रंथसखा वाचनालय उभं केलं, जुनी मराठी नियतकालिकं जमवली. कागद पिवळा पडला, कोपरे झडले, तरी मासिक उघडून ओळ वाचता येते. वाळवी लागली तर भोकं दिसतात, उरलेलं वाचता येतं. तुझ्यासारखं, पान पूर्ण ठेवून त्यातला शब्द न् शब्द नेणं वाळवीला येत नाही.

पुढच्या वेळी घोडा बदलू तेव्हा तुला कसं गाठायचं, तेही ठरवलं आहे. हलवण्याआधी प्रत्येक तक्त्यावर कुणाचं नाव आहे ते कागदावर लिहायचं. सर्व्हरची कडक तपासणी चालू करायची. नावाची पाटी वळवण्याआधी आपल्या संगणकातल्या होस्ट फाइलमध्ये नवा पत्ता घालून नवंच घर पाहायचं. ‘दुसऱ्या’ मधला र, ‘ॲ’, ‘ळ’ असलेलं एक पान डोळ्यांनी वाचायचं. कट्ट्यातल्या ताईंनी मोडीत लिहिलेली एक ओळही उघडून पाहायची, कारण मोडीच्या अक्षराला चार बाइट लागतात आणि मायएसक्यूएलचा जुना, नुसता ‘यूटीएफ८’ नावाचा संच तीनच बाइट घेतो. त्याचा नवा, चार बाइटांचा भाऊ लागतो. जुनं खातं निदान महिनाभर चालू ठेवायचं, त्याचे पैसे वर्गणीतून काढायचे. प्रत माझ्या घरी राहील.

हे सगळं आजींसाठी उशिरा झालं.

आमच्या कट्ट्यातल्या आजींनी पंचाहत्तरीत पहिल्यांदा लिहिलं. विषय एकच, जांभळाची झाडं. कात्रपच्या रस्त्याला पूर्वी कुठल्या बांधावर कुठलं झाड होतं, कुणाचं आधी पिकायचं, कुणाचं तुरट, कुठल्या झाडाखाली मुलींना बसू देत नसत. प्रत्येक झाडाला त्यांनी नाव दिलेलं होतं. नातवाच्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलं, मी टाइप केलं, वह्या रद्दीत गेल्या. २०२१ मध्ये आजी गेल्या. त्यातली बरीच झाडं त्यांच्याआधी गेली होती, आणि त्यांची जागा सांगणारा तो एकच लेख होता.

तो आता माझ्यासमोर प्रश्नचिन्हांत आहे. शब्दांमधल्या मोकळ्या जागा तू ठेवल्यास, पूर्णविराम ठेवलेस. १९६२ हे साल मी इंग्रजी आकड्यांत टाइप केलं होतं, तेही तू जसंच्या तसं ठेवलंस. म्हणजे कुठला शब्द किती लांब होता तेवढं कळतं. गेले पाच रविवार आजींच्या सूनबाई आणि त्यांची नणंद माझ्याकडे येतात. सूनबाईंनी तो लेख आजींच्या तोंडून अनेकदा ऐकला होता. आम्ही प्रश्नचिन्हं मोजतो, त्या आठवतात, बोटांवर काने-वेलांट्या मोजून शब्द जुळवतात. साल दिसलं की ‘हां, हे आत्याबाईंच्या लग्नाचं वर्ष’ म्हणून तिथून मागची तीन वाक्यं सापडतात. अशी सव्वीस वाक्यं परत आली आहेत. अकरा झाडांची नावं मिळाली.

सहाचा शब्द आला की आम्ही अडतो. जांभूळ सहा, जांभळं सहा, कात्रपही सहा. शेवटचं वाक्य असं आहे:

?? ?????? ???? ???.

पहिला शब्द ‘ती’ असावा, असं दोघींना वाटतं. दुसरा जांभूळ आहे की कात्रप, यावर अजून एकमत झालेलं नाही. सूनबाई म्हणतात, आई झाडाबद्दल बोलत होत्या. नणंद म्हणते, आई गावाबद्दल बोलत होती. येत्या रविवारी आजींच्या धाकट्या बहिणीला वांगणीहून बोलावलं आहे.

कात्रप वाचनकट्ट्याची चिटणीस